सात वाजून पंचवीस मिनिटांचा फोटो

मी कॅमेरा बोलतोय. गळ्यात अडकवून सहलीला नेतात तसला नव्हे, मी झाडाला बांधायचा कॅमेरा. माझ्यामागे फोटो काढणारं कुणी उभं नसतं. समोरून ऊब असलेलं काही हललं की मी आपला आपण डोळा उघडतो, खट्‌ करून एक फोटो काढतो आणि पुन्हा गप्प बसतो. माणूस असो, माकड असो, रानडुक्कर असो, मला सगळे सारखेच.

माझा जन्म दोनदा झाला. पहिल्यांदा कारखान्यात, माझ्यासारख्या हजारो भावंडांबरोबर. तो जन्म साधाच गेला. वाढदिवस, बर्फातली सहल, समुद्रकिनारा. मग एक दिवस माझं झाकण अडकलं आणि घरच्यांनी मला न जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी इमारतीखाली नेऊन ठेवलं. जपानमधल्या नागोया शहरातला तो बुधवार होता. तिथून मला मोरेश्वरने उचललं.

मोरेश्वर मूळचा पुण्याचा. गाड्यांच्या ब्रेकचं काम करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर. कचऱ्यात पडलेली यंत्रं बघितली की त्याचा पाय पुढे निघत नसे. त्याची बायको हारुए जपानी, पण लग्नानंतर पुण्याला सासूबाईंकडे चार महिने राहून आलेली, त्यामुळे नवऱ्याला ‘अहो’ म्हणायची. ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘अहो, शेजारी बघतायत.’’

‘‘बघू देत. मी चोरतोय थोडंच,’’ म्हणत त्याने मला खिशात घातलं.

दुसरा जन्म त्यांच्या जेवणाच्या टेबलावर झाला. माणूस जवळ आला की दारातला दिवा आपोआप लागतो ना, तसल्या दिव्याचा डोळा मोरेश्वरने मला जोडला. एका घट्ट झाकणाच्या डब्याला भोकं पाडून मला त्यात बसवलं. तारा जोडताना तो सारखा मराठीत पुटपुटायचा, ‘‘थांब रे बाबा, हलू नको, झालंच.’’ म्हणून माझी भाषा मराठी. फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापायची माझी जुनी सवय त्याने तशीच ठेवली. तीच पुढे कामाला आली.

हा सगळा खटाटोप होता सासऱ्यांसाठी.

सासरे तोकुजी-सान (सान म्हणजे आपलं ‘जी’), वय एकाहत्तर. नागोयाहून गाडीने अडीच तासांवर, डोंगरात, ओकुनोसावा नावाच्या गावात एकटे राहायचे. पन्नास वर्षं हरणांची शिकार केलेला माणूस, पण गुडघा गेला तसं शिकारीच्या टोळीने त्यांना मोठ्या अदबीने सांगितलं होतं, की तुम्ही आता घरी बसा, संध्याकाळी आम्ही आलो की रस्सा करा. दोन मोसम त्यांनी नुसता रस्सा केला. त्यात एक मोठा शिंगवाला नर त्यांनी लावलेल्या रोपांच्या साली सोलून खात होता. त्याच्या मागे धावणं त्यांना शक्य नव्हतं. एका जागी बसून वाट बघणं शक्य होतं. पण कुठे बसायचं आणि किती वाजता, हे कळायला हवं होतं.

जावई-सासऱ्यांचं फारसं बोलणं नव्हतं. पुण्यात झालेल्या लग्नाला तोकुजी-सान गेले नव्हते. त्याला आठ वर्षं होऊन गेली होती. भांडण म्हणाल तर काहीच नाही, नुसता शिष्टाचार. नवीन वर्षाला जायचं, हवापाण्याच्या गप्पा, रस्त्यावर गर्दी होती का, बास. त्यात जावई मांस खात नाही. शिकारी माणसाने त्याच्या पुढ्यात वाढायचं काय आणि बोलायचं काय?

पंचाण्णव सालच्या नोव्हेंबरात मोरेश्वरने मला त्यांच्यासमोर ठेवलं, तेव्हा तोकुजी-साननी मला उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाले, ‘‘हा जेवणाचा डबा आहे.’’

‘‘हो, डबाच आहे. आत कॅमेरा आहे.’’

‘‘मी पन्नास वर्षं माती बघून सांगतोय कोण कुठून गेलं.’’

‘‘किती वाजता गेलं, ते माती सांगते का?’’ मोरेश्वरने विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला डोंगरावर नेलं आणि हरणांच्या वाटेवरच्या एका झाडाला दोरीने बांधलं. त्या उंच, सरळ झाडाला तिकडे सुगी म्हणतात. मोरेश्वरला त्या नावाचं हसू आलं. आपल्याकडे सुगी म्हणजे काय, हे त्याने सासऱ्यांना समजावून सांगितलं. त्यावर ते म्हणाले, ‘‘मग यंदा पीक येऊ दे.’’ दोघांचं हवापाण्याबाहेरचं हे पहिलं बोलणं असावं.

पीक आलं ते असं. पहिल्या रोलमधल्या छत्तीस फोटोंत छत्तीस वेळा वाऱ्यावर हलणारा बुटका बांबू. उन्हाने तापलेली पानं हलली की मला वाटायचं, आलं कुणीतरी. खालच्या गावातल्या फोटोच्या दुकानदाराने पाकीट देताना विचारलं, ‘‘बांबूचा अभ्यास चाललाय का?’’ तोकुजी-सान रस्ताभर हसत होते.

दुसऱ्या रोलमध्ये एक माकड माझ्या डोळ्यात डोळा घालून बघत होतं, एक रानडुक्कर पाठमोरं होतं, आणि कमरेवर हात ठेवून वाकलेले खुद्द तोकुजी-सान पाच फोटोंत होते. शिवाय हरणांचे दोन, पण फ्लॅशने दचकून उड्या मारलेले. मग मोरेश्वरने समोरचा बांबू कापला, मला जरा खाली, सावलीत बांधलं, आणि फ्लॅशवर लाल कागदाच्या दोन घड्या चिकटवल्या. रोल लवकर संपू नये म्हणून आणखी एक केलं. एक फोटो काढला की मी अर्धा तास झोपायचं, असं ठरवून दिलं.

तिसऱ्या रोलमध्ये तो आला. रुंद छातीचा नर, डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं. सोमवारी सात वाजून चार मिनिटं. मंगळवारी सात वाजून सहा मिनिटं. गुरुवारी सात वाजून पाच. डिसेंबरात तिकडे सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, आणि सूर्य उगवल्यावरच बंदूक चालवायची असा कायदा. म्हणजे वेळ अगदी सोयीची.

तोकुजी-सान कोतात्सुपाशी बसले होते. कोतात्सु म्हणजे खाली शेगडी आणि वर रजई असलेलं बुटकं टेबल. त्या टेबलावर त्यांनी फोटो पत्त्यांसारखे मांडले. बोटाने डोंगर आखला, ओढा आखला. ‘‘मी इथे, खडकापाशी बसणार. तो वरून येईल, या झाडापाशी आडवा होईल. एकच गोळी.’’ असं उजळलेलं तोंड हारुएने बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

‘‘त्याच्यामागून माद्या येतात का?’’ मोरेश्वरने विचारलं. त्या डोंगरात तेव्हा फक्त नर मारायची परवानगी होती.

‘‘फोटोत तर एकटाच आहे.’’

‘‘फोटो काढल्यावर हा अर्धा तास झोपतो, ओतोसान. मागून कोण येतं ते याला कळतच नाही. पुढचा आठवडा याची झोप पाच मिनिटांवर आणू या.’’ सासऱ्यांना तो ओतोसान, म्हणजे बाबा, म्हणायचा.

‘‘पुरे झालं. या रविवारीच जातो मी.’’

‘‘एक आठवडा फक्त.’’

तोकुजी-सानना ते आवडलं नाही, पण ते थांबले. त्यांच्या त्या थांबण्याची आठवण आली की आजही माझ्या तारा गार पडतात.

पुढच्या शनिवारी मोरेश्वरने चौथा रोल धुवून आणला. नर ठरल्या वेळी हजर होता. पण मंगळवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी, सातवर पंचवीस मिनिटांच्या सुमारास, आणखी काहीतरी होतं. झाडीतला उजेड कमी, अंतर जास्त. झुडपामागे तपकिरी पाठ, आणि वर एक पांढरा ठिपका.

‘‘मादी,’’ तोकुजी-सान लगेच म्हणाले. ‘‘शिंगं दिसत नाहीत, आणि हरणाच्या शेपटीखाली असा पांढरा डाग असतोच. काही हरकत नाही, ती वीस मिनिटं मागे आहे. मला नर तेवढा पुरे. आणि तो चुकून उशिरा आला, तरी पांढरा डाग दिसला की शिंगं बघेपर्यंत मी तयार असेनच.’’

हारुए चहा घेऊन आली होती. तिने शुक्रवारचा फोटो उचलला, खिडकीशी नेला, आणि तिथेच उभी राहिली.

‘‘ओतोसान, हा डाग नाही,’’ ती म्हणाली. ‘‘हे डोक्याला बांधलेलं फडकं आहे. अशी गाठ फुमी-सान बांधतात.’’

तोकुजी-साननी चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग तो टेबलावर उलटा ठेवला.

फुमी-सान म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या शहात्तर वर्षांच्या बाई. त्या वाटेने त्या जात असतील, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ती वाट दरड कोसळल्यापासून बंद झाली, असं सगळे धरून चालले होते. माझं म्हणाल तर त्या तिसऱ्या रोलच्या आठवड्यातही माझ्यासमोरून गेल्या असणार. मी नराचा फोटो काढून झोपलेला होतो.

तिघं तशीच उठली. मला मोरेश्वरच्या पिशवीत घातलं होतं, म्हणून पुढचं मी ऐकलं.

फुमी-साननी दार उघडलं आणि विचारण्याआधीच सगळं सांगून टाकलं. ओढ्यात त्यांचा वासाबीचा लहानसा वाफा होता. तिखट मुळाची ती झाडं, त्यांची पानं तो तुटक्या शिंगाचा रोज पहाटे येऊन खायचा. ‘‘मग मी पलीकडच्या काठाने वर जाते आणि जुन्या कढईवर पळी बडवते. तो पळतो खाली. मी जरा वाफा बघते आणि दरडीच्या वाटेने घरी येते. बुधवारी पाय दुखत होता, म्हणून नाही गेले.’’

मोरेश्वरने पिशवीतून फोटो काढले आणि पुन्हा तारखा बघितल्या. चौथ्या रोलमध्ये बुधवारी नरही नव्हता. ‘‘म्हणजे सातच्या वेळेला तो स्वतःहून येतच नाही,’’ तो सासऱ्यांकडे वळून म्हणाला. ‘‘फुमी-सान त्याला आपल्याकडे पाठवतात.’’

तोकुजी-सान चटईवर गुडघे टेकून खाली वाकले, कपाळ चटईला लावलं. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस, पण वाकलेलेच राहिले. ‘‘उद्या मी त्या खडकामागे बसणार होतो, फुमी-सान. पांढरं दिसलं की बंदूक उचलणार होतो.’’

‘‘अजून मारलं कुठे मला?’’ फुमी-सान म्हणाल्या. ‘‘उठा आता, चहा निवतोय.’’

बेत त्याच चटईवर नव्याने ठरला. तोकुजी-सान शिकार सोडूनच देतो म्हणत होते. फुमी-साननी ते मोडून काढलं. ‘‘माझ्या पानांचं काय मग? मी कढई वाजवते, तुम्ही नीट बसा.’’ मोरेश्वरने त्यांच्याबरोबर वाफ्यावर थांबायचं. शिकार झाली किंवा आठ वाजले, की तोकुजी-सान तीनदा शिट्टी वाजवतील. तोवर वाफ्यावरून कुणी हलायचं नाही. बसायची जागाही बदलली. गोळी चुकली तरी डोंगराच्या मातीत जाईल, अशी. निघताना तोकुजी-साननी आपली जादा केशरी टोपी जावयाच्या डोक्यावर स्वतः घातली आणि दुसरी फुमी-सानना दिली. फुमी-साननी ती फडक्यावरूनच चढवली.

रविवारी मी झाडावर होतो. दहिवर गोठलेलं, श्वासाची वाफ दिसावी अशी थंडी. वरून कढई वाजायला लागली. एरवी फुमी-सान वीस-पंचवीस ठोके द्यायच्या म्हणे. त्या दिवशी पळी मोरेश्वरच्या हातात दिलेली. त्याने आरतीच्या चालीवर वाजवायला सुरुवात केली आणि थांबेचना. हरणाने नेमकं काय ऐकलं देव जाणे, पण सात वाजून तीन मिनिटांनी ते माझ्यासमोर आलं, मान वळवून वर बघत उभं राहिलं. मी फोटो काढला. मग एक आवाज झाला. एकच.

थोड्या वेळाने तीन शिट्ट्या.

मोरेश्वर आणि फुमी-सान खाली आले, तेव्हा तोकुजी-सान हरणापाशी बसून हात जोडत होते. मोरेश्वरनेही जोडले. त्याचा चेहरा उतरला होता, पण त्याने मागचे पाय धरले आणि गावापर्यंत अर्धं ओझं त्यानेच वाहिलं. संध्याकाळी टोळीतली माणसं जेवायला आली. त्या दिवशी रस्सा त्यांनी केला आणि तोकुजी-सान बसून राहिले. जावयासाठी फुमी-साननी वासाबीची पानं खारवून आणली होती. पहिल्या घासाला मोरेश्वरच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोकुजी-साननी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘‘हे खातो म्हणजे माणूस शूर आहे.’’

त्यानंतर मी आणखी तीन मोसम त्या झाडावर काढले. बेत असाच ठरायचा: फोटो, वेळा, आणि मग कोण कोण त्या वाटेने जातं याची घरोघर चौकशी. टोळीतली माणसंही फोटो बघायला यायला लागली. जावई-सासरे आता फोनवर अर्धा अर्धा तास बोलायचे. हारुए म्हणायची, ‘‘माझ्यासाठी कुणी फोन करतं का या घरात?’’

नव्याण्णवच्या वसंतात तोकुजी-साननी बंदुकीचा परवाना परत केला, आपल्या आपण. त्या जूनच्या पावसात डब्यात पाणी शिरलं आणि माझा दारातल्या दिव्याचा डोळा गेला. त्यांनी मला पुसून आपल्या या ओकुनोसावाच्या घरातल्या फळीवर ठेवलं. मोरेश्वर आल्यावर देऊ म्हणून. पण कंपनीने मोरेश्वरला दोन वर्षांसाठी पुण्याच्या कारखान्यात पाठवलं, आणि ऑक्टोबरात तोकुजी-सानही पंचाहत्तराव्या वर्षी पासपोर्ट काढून थंडीपुरते पुण्याला लेकीकडे गेले. घर उघडायला फुमी-सान येतात. खिडक्या उघडतात आणि पुण्याची पत्रं मोठ्याने वाचतात. वाफ्यावर सध्या दुसरा शिंगवाला येतो, हे त्या मलाच सांगतात. दुसरं ऐकायला आहे कोण?

माझी तक्रार काही नाही. फक्त एक विनंती आहे. माझ्या पोटात अजून एक रोल आहे, हे सगळे विसरलेत. त्यात माकडं आहेत, बांबू आहे, आणि एप्रिलमधल्या एका सकाळचे तीन फोटो आहेत. परवाना देऊन आल्यावर तोकुजी-सान बंदूक न घेता वर आले होते, फुमी-सानना घेऊन. दोघं माझ्यासमोर नीट उभी राहिली. पहिल्या फोटोत फुमी-साननी डोळे मिटले. पाच मिनिटं मी जागा होण्याची वाट बघत दोघं तशीच थांबली. दुसऱ्यात तोकुजी-सान काहीतरी बोलत होते. पुन्हा पाच मिनिटं. तिसरा मात्र छान आला आहे. दोघं हसताहेत.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी ओकुनोसावाला गेलात, तर मला फळीवरून काढा आणि खालच्या गावातल्या दुकानात द्या. आणि कृपा करून माझं मागचं झाकण उजेडात उघडू नका.