तीन तासांची माणसं आणि हिरवी छत्री

मी एक जुनी हिरवी छत्री आहे, मित्रांनो, आणि एकवीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी एकदाही उघडलं नव्हतं.

झाग्रेबच्या एका कारागिरानं मला घडवलं. आठ काड्या, लाकडाची वळणदार मूठ, घट्ट विणीचं कापड. शेवटचा टाका घालताना तो म्हणाला होता की ही कसल्याही पावसाला पुरून उरेल. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! माझ्या नशिबी पाऊस नव्हता, माणसं होती.

मला लुक्शानं घेतलं. लुक्शा डुब्रोव्हनिकचा गाईड. बंदरात मोठाली जहाजं लागतात, त्यांतून माणसं ओतली जातात, आणि लुक्शासारखे लोक त्यांना तटबंदीच्या आतलं गाव दाखवतात. वेळ तीन तास. चाळीस माणसांच्या पुढे मला उंच धरायचं, तेही मिटलेलीच. उघड्या छत्र्या कुणाकडेही असतात. मिटलेली, आभाळाकडे टोक केलेली छत्री म्हणजे गाईड. पाऊस आला तरी लुक्शा स्वतः भिजायचा, मला उघडायचा नाही. घड्यांच्या आतून कापड कुजत होतं, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

त्या उंचीवरून मी माणसं पाहिली, मित्रांनो, आणि माझं मन विटलं. हातात चौदा ठिकाणांची यादी. चर्चच्या दारात उभं राहायचं, यादीवर खूण करायची आणि आत न जाताच पुढे सरकायचं. एकानं गल्लीत वाळत घातलेले कपडे बघून विचारलं होतं, “हे खरे आहेत की शोभेचे?” लुक्शा म्हणाला, “खरे आहेत साहेब, ती माझ्या मावशीची चादर आहे.” तरी त्या माणसाचा विश्वास बसला नाही. लुक्शा भूकंपाबद्दल सांगायचा, कारंज्यात पाणी कुठून येतं ते सांगायचा, आणि ही चाळीस माणसं मान वर करून कोणाकडे बघायची? माझ्याकडे. सहा शतकांचं दगडी शहर समोर उभं, आणि यांची नजर एका मिटलेल्या छत्रीवर!

आमच्या मुख्य रस्त्यावर, स्त्रादुनवर, बाकीचे गाईड लुक्शाला चिडवायचे की तुझ्यापेक्षा तुझी छत्री प्रसिद्ध आहे. मला तेव्हा गुदगुल्या व्हायच्या. आता लाज वाटते.

तो ऑक्टोबरातला दिवस होता. युगो सुटला होता. युगो म्हणजे आमच्याकडचा दक्षिणेचा ओला वारा. तो सुटला की दगड घामेजतात आणि माणसांची डोकी फिरतात. त्या दिवसांत इथं कुणी सोयरीक ठरवत नाही, कागदावर सही करत नाही. जुन्या काळी इथले राज्यकर्तेही युगोत कायदा करत नसत, असं सांगतात. सकाळी त्याच चादरवाल्या निका मावशीनं खिडकीतून लुक्शाला बजावलं होतं, आज कुणाला शब्द देऊ नकोस.

त्या दिवशीच्या चाळीसांत एल्विरा नावाची म्हातारी होती. चिलीहून आलेली, ऐंशीच्या पुढची. मी मनात म्हटलं, आली आणखी एक यादीवाली. पण तिच्याकडे यादी नव्हती. ती आमच्याच बोलीत, शंभर वर्षं जुन्या बोलीत, लुक्शाला म्हणाली, “मला एकच पायरी बघायची आहे. माझी आजी इथं होती तेव्हा कारंज्यावरून पाणी आणायची आणि चढावर एका पायरीवर बादली टेकवायची. तिथं खळगा आहे म्हणे. मी परत येणार नाही, बाळा. आता काय ते आताच.”

लुक्शाला ती पायरी माहीत होती. मावशीच्याच दारातली. पण चढ उभा, दगड निसरडे, आणि म्हातारीकडे काठी नव्हती. कंपनीचा नियम असा, की दीड वाजता सगळी चाळीस माणसं पश्चिमेच्या दरवाजाबाहेर बसपाशी हवीत. लुक्शाची एक तक्रार आधीच झालेली होती, तो फार बोलतो म्हणून. दुसरी झाली की काम गेलं, हे त्याला लेखी कळवलं होतं.

बारा वाजता त्यानं सगळ्यांना कॉफीसाठी मोकळं सोडलं, एक वाजता चौकातल्या ऑर्लांडोच्या खांबाशी जमा म्हणून तीनदा सांगितलं, आणि मला एल्विराच्या हातात दिलं. “काठी समजा,” म्हणाला आणि चढाची गल्ली दाखवली. “दीडला दरवाजाशी परत द्या.”

युगोत दिलेला शब्द, मित्रांनो.

त्र्याहत्तर पायऱ्या आम्ही चढलो. सापडली ती. एल्विरा वाकली, खळग्यात तळहात ठेवला. त्यात दोन बोटं पाणी साचलं होतं. तिनं फोटो काढला नाही. ती तिथंच बसली.

वरून निका मावशी कडाडली, “बाक नाही ती, घराची पायरी आहे. उठा, नाहीतर बादली ओतते.”

“ओता,” एल्विरा म्हणाली. “माझी आजी रोज इथं थोडं सांडायचीच.”

मावशीनं बादली खाली ठेवली. मग तिनं विचारलं, “कुठल्या घरची?”

“कुठल्याच नाही. कामाला होती.”

“मग बस. पण ओलं आहे ते. थांब, पोतं आणते.”

मावशी पोतं घेऊन खाली आली, साखरेत घोळलेल्या संत्र्याच्या साली आणल्या. दोघी शेजारी बसल्या. आजी कुणाकडे राबली, कोण खाष्ट होतं, कोण चांगलं होतं, सगळं निघालं. आणि पाऊस कोसळला.

“उघड की बाई, छत्री आहे ना ती,” मावशी म्हणाली.

एकवीस वर्षांनी माझ्या काड्या कडकडल्या. मी उघडले. कापडाला चार भोकं होती. दोघींच्या डोक्यावर धारा लागल्या आणि दोघी पोटभर हसल्या. छत्री म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा कामी आले.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. लुक्शा एक वाजता खांबाशी हात वर करून उभा होता. एकोणचाळीस माणसं त्याच्यासमोरून गेली आणि एकानंही त्याला ओळखलं नाही. दीड तास ज्याच्या मागे चालले, त्याचं तोंड कुणी पाहिलंच नव्हतं. त्यानं हाका मारल्या, तर एक बाई म्हणाली, “नको, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही.” अठरा जण दुसऱ्याच कुणाच्या पिवळ्या छत्रीमागे पूर्वेच्या दरवाजातून गेले आणि भलत्या जहाजाच्या बसमध्ये बसले. बाकीचे मला शोधत चौकातच घुटमळत राहिले. पश्चिमेचा दरवाजा सरळ रस्त्याच्या टोकाला होता, चुकायला वळणसुद्धा नव्हतं. दीडला तिथं वेळेवर हजर होती ती एकटी एल्विरा, ओलीचिंब, मला घट्ट धरून.

जहाज सव्वा तास अडकलं. तक्रार गेली, की गाईड जागेवर नव्हता. कंपनीनं खुलासा मागितला. लुक्शानं एक ओळ लिहिली, “त्या दिवशी युगो होता.” गावात सगळ्यांना तो खुलासा पुरेसा वाटला. कंपनीच्या कचेरीत कुणाला कळलाही नाही. त्याचं काम गेलं.

आता मी निका मावशीच्या दाराशी खिळ्याला असते. तिनं माझी भोकं जुन्या चादरीच्या तुकड्यांनी सांधली, त्याच चादरीच्या, जी त्या माणसाला खोटी वाटली होती. लुक्शा तिचा बाजार घेऊन पायऱ्या चढतो तेव्हा मी त्याच्यावर उघडी असते. तो कमी बोलतो हल्ली.

मित्रांनो, तुमच्या घरी छत्री असेल तर ती उघडत जा. आणि कधी एखाद्या जुन्या शहरात तीन तासांसाठी गेलात, तर तीन तास कमी असतात असं रडू नका. एल्विराला एक पायरी पुरली. फक्त ज्याच्या मागून चालता, त्याचं तोंड एकदा नीट बघून ठेवा. तो हात वर करून तुमचीच वाट बघत उभा असेल, आणि त्याच्या हातात छत्री नसेल.