दसऱ्याला आजारी पडणारा मिक्सर

मित्रांनो, तुमच्याशी बोलतोय तो एक मिक्सर आहे. जुना आहे, आणि आता बंदही आहे. तरी बोलतोय, कारण चालू होतो तेव्हा माझ्या आवाजात माझंच मला ऐकू येत नसे.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खोक्यात घालताना कुणीतरी शिंकलं, एवढंच आठवतं. मग मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत गणपतरावांच्या घरी आलो. ते शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होते. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्कानं मला कुंकू लावलं आणि पहिल्याच दिवशी माझ्यात मिरच्या भरल्या. शिरा, बासुंदी, मिल्कशेक असले लाड माझ्या नशिबी आले नाहीत. या घरात मी एकाच कामासाठी होतो, ते म्हणजे वर्षाची कांदा-लसूण चटणी.

इतर बायका मिरच्या गिरणीतल्या डंकावर नेऊन कुटून आणत. अक्का म्हणायची, "डंकावर समद्या पेठंच्या चटणीची चव एक हुती. मग घराघरात भांडायचं कशावरनं?" म्हणून ती थोडं थोडं माझ्यात वाटायची. मी आधी खडखडायचो. भाजलेला कांदा, लसूण, खोबरं आत पडलं की घरघरायचो. आणि चटणी जमली की माझा आवाज एकदम खाली, पोटात जायचा. अक्का लगेच ओरडायची, "बास! बसला ह्येचा गळा. काढ!" ती कधी झाकण उघडून बघायची नाही. चैत्रात शेजारची चिमणाबाई आणि निम्मी गल्ली मिरच्या घेऊन दारात बसायची. मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस. सगळी गल्ली शिंकायची.

आता माझ्या आजाराबद्दल. आमच्याकडे नवरात्राच्या आधी 'दसरा काढतात'. म्हणजे घरातलं सगळं धुतात. भांडी, वाकळा, पडदे, डबे, फळ्या, सगळं. एक चमचा धुवायचा राहिला तर देवी दारातूनच परत जाईल, अशी अक्काची खात्री होती. माझ्या आधी या घरात एक रेडिओ होता. अक्कानं त्याचाही दसरा काढला. तो नंतर बोलला नाही, आणि गणपतरावही त्या विषयावर बोलले नाहीत. त्यांनी फक्त एक ठरवलं. दर वर्षी दसरा काढायच्या आदल्या दिवशी ते माझं झाकण ठोकून बघत आणि मान हलवत.

"ह्यो पुन्हा बिघडला गं."

"दर दसऱ्याला कसा वो बिघडतो ह्यो?"

"मशीनलाबी सणाची सुट्टी लागती."

मग मला स्कूटरवर बांधून ते शिरोलीला त्यांच्या मित्राच्या, आकारामच्या चहाच्या टपरीत ठेवत. तिथं मी चहासाठी आलं वाटायचो. भाडंच म्हणा. घट बसले की मी 'दुरुस्त' होऊन घरी यायचो. ते रिटायर झाले तरी ही वारी चुकली नाही.

मग अक्काच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा ऋतुराज यानं तिला गॅसजवळ जायची बंदी केली. भाकरी गेली, फोडणी गेली. चटणी तेवढी राहिली, कारण ती डोळ्यांनी होत नव्हती, माझ्या आवाजानं होत होती. सून अनुजा कांदा भाजून द्यायची आणि अक्का माझ्याकडे कान लावून बसायची. तिला कुणी विचारलं, "अक्का, कशी हाईस?" तर ती म्हणायची, "चटणीपुरती हाय."

त्यानंतर गणपतराव गेले. वर्षाच्या आत घट बसवत नाहीत, म्हणून तो दसरा निघालाच नाही. म्हणजे जाऊनसुद्धा त्यांनी मला एक वर्ष लपवलं.

पुढच्या नवरात्राला अक्का पेटून उठली. दोन वर्षांची घाण म्हणाली. वाकळा गच्चीवर गेल्या, फळ्या रिकाम्या झाल्या, आणि तिचा हात चाचपत माझ्यावर आला.

"आत्या, ह्यो नको. ह्यात करंट असतोय," अनुजा म्हणाली.

"करंट भिंतीत असतोय. ह्येची वायर काढलीया न्हवं? आन बादली."

मित्रांनो, माझी पहिली आंघोळ फार प्रेमाची होती. माझ्या अंगावरची सगळ्या चैत्रांची चटणी तिनं काथ्यानं घासून काढली. पाठ, पोट, तळाच्या जाळ्या. मग दुपारभर मी गच्चीवर वाकळांशेजारी ऊन खात बसलो. संध्याकाळी तिनं बटण फिरवलं. मी हुंकारलो, जळका वास आला, आणि बस्स.

दुरुस्तीवाल्या जोतीरामकडे अक्का स्वतः आली, अनुजाचा हात धरून. जोतीरामनं मला उघडलं आणि माझ्यातून दोन थेंब टेबलावर पडले.

"अक्का, धुतला काय ह्यो?"

"दसरा काढला."

"मिक्सरचा? वायंडिंग जळलं की! ह्येचा माल आता कंपनी काढत न्हाय. इतकी वर्षं कसा टिकला मग?"

"इतकी वर्षं दसऱ्याला ह्यो घरात नसायचाच. आजारी पडायचा. हे त्येला घिऊन शिरोलीला..."

अक्कानं चाचपत माझ्यावर हात ठेवला. 

"सांगायचं की वो," ती म्हणाली.

"आत्ता सांगितलं की," जोतीराम म्हणाला.

ती त्याच्याशी बोलत नव्हती.

खंडेनवमीला तिनं मला गणपतरावांच्या पान्याशेजारी ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. ऋतुराजनं नवा मिक्सर आणला. "आई, ह्येचा आवाजच येत न्हाय बघ," तो कौतुकानं म्हणाला. अक्का म्हणाली, "मग मला कळायचं कसं?" चैत्रात तिनं त्याच्यावर एकदा चटणी केली. तिचं पीठ झालं, गरम, कडवट. चिमणाबाई "झ्याक हाय की" म्हणून डबा घेऊन गेली, आणि पुन्हा मिरच्या घेऊन आली नाही. बाकीची गल्लीही आली नाही.

मित्रांनो, शेवटी 'वस्तूंची काळजी घ्या' असं सांगायचा रिवाज आहे. मला ते सांगवत नाही. काळजी घेतली म्हणूनच तर मी गेलो. माझं मागणं एवढंच आहे, की घरात कुणी काही गुपचूप सांभाळत असेल, तर ते माणूस असेतोवर त्याला विचारून ठेवा. आणि सांभाळणाऱ्यांनो, बोलणी खावी लागली तरी चालेल, पण एकदा सांगून टाका.

काल जेवताना अनुजानं रस्सा वाढला. पाकिटातली चटणी होती. सगळे अक्काच्या तोंडाकडे बघत होते. मीही फळीवरून बघत होतो. इतक्या वर्षांत तिनं दुसऱ्या कुणाच्या चटणीला बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

तिनं घास गिळला आणि म्हणाली, "चांगली हाय."