विरोधी पक्ष म्हणतात

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. किती जुना, ते माझ्याकडे पाहिले की समजते. माझ्या बटणांवरची बरीचशी अक्षरे पुसली गेली आहेत आणि अक्षरांच्या जागी गुळगुळीत खळगे पडले आहेत. बोटे रोज त्याच जागी टेकली की प्लास्टिकही झिजते. उद्गारचिन्हाचे बटण तेवढे नव्यासारखे राहिले आहे, कारण माझी मालकीण ते क्वचितच वापरी. "ओरडून सांगितलं की ऐकणारा दार लावून घेतो," असे तिचे मत होते. तिला मते पुष्कळ होती. ती सगळी माझ्यातून गेली आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे यंत्राचे एक लोखंडी बोट माझे प्रत्येक बटण दाबून पाही. ठक, ठक, ठक. त्या बोटाला सांगायचे काहीच नव्हते. मी चालतो की नाही, एवढेच त्याला बघायचे होते. नंतर मी दुकानाच्या फळीवर बराच काळ पडून राहिलो. माझी बटणे फार वाजत आणि लोकांना आवाज न करणारे कीबोर्ड हवे असत.

एके दिवशी ती दोघे आली. तिने माझ्यावरून बोटे फिरवली, खडखड आवाज झाला आणि ती खूश झाली.

"हा बोलतो. हाच द्या."

"घरात एक बोलणारं आहे की," तिचा नवरा म्हणाला. "दुसरं कशाला?"

"जोडीला," ती म्हणाली. दुकानदार हसू लागला आणि मी पिशवीत गेलो.

ती छापखान्यात मुद्रिते तपासायचे काम करून निवृत्त झाली होती. तो बस चालवून निवृत्त झाला होता. खिडकी आणि स्वयंपाकघराचे दार यांच्या मध्ये एक लहान टेबल होते, त्यावर मला जागा मिळाली. तिने इंटरनेटवर स्वतःचा ब्लॉग सुरू केला. "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मतांतल्या चुका काढल्या," ती म्हणाली. "आता मतंही माझी आणि चुकाही माझ्याच."

दर शुक्रवारी ती लिही. थोडे राजकारण, थोडे तंत्रज्ञान आणि शेवटी आठवड्याभरात इंटरनेटवर सापडलेली एखादी गंमत. "निवडणूक आली की आमचा रस्ता गुळगुळीत होतो आणि भाषणं खडबडीत. निवडणूक संपली की उलट," हे तिने माझ्यावर लिहिले. "फोटो पुसताना फोन विचारतो, नक्की पुसू का? खोटी बातमी पुढे पाठवताना मात्र काही विचारत नाही," हेही. एकदा तिला जुन्या बसगाड्यांच्या इंजिनांचे आवाज जमवणाऱ्या माणसाचे पान सापडले. तिने नवऱ्याला हाक मारली. तो हात पुसत आला, डोळे मिटून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "गिअर उशिरा टाकलाय." तिने ते जसेच्या तसे लेखात घातले.

मित्रांनो, आमच्या घरातली एक रीत तुम्हाला सांगायलाच हवी. लेख झाला की ती तो मोठ्याने वाचून दाखवी. तो स्वयंपाकघरात भाजी चिरत ऐके. दोघांचे पक्ष वेगळे होते. पहिल्याच लेखाला त्याने आतून इतके आक्षेप घेतले, की ती म्हणाली, "थांबा, लिहून घेते."

"अगं, ते लोकांसाठी नव्हतं. तुझ्यासाठी होतं."

"विरोधी पक्षाचं बोलणं सभागृहात नोंदवतात, अहो."

तेव्हापासून प्रत्येक लेखाच्या खाली एक ओळ येऊ लागली. 'विरोधी पक्ष म्हणतात' असे लिहून ती पुढे त्याचे बोलणे घाली. रस्त्याच्या लेखाखाली त्याने सांगितले होते, "मी त्या रस्त्यावर गाडी चालवली आहे. तो कधीच गुळगुळीत नव्हता. फोटो लांबून काढला होता." तीही त्याला विरोधी पक्ष म्हणू लागली आणि तो तिला सरकार. "सरकार, चहा मंजूर झालाय का?" असा आवाज आला की माझ्यावरची बोटे थांबत आणि मला कळे, आता थोडी विश्रांती.

दातांचे एक डॉक्टर तिचे वाचक होते. त्यांनी एकदा कळवले की ते लेख खालून वर वाचतात, आधी विरोधी पक्ष, मग सरकार. ती दोन दिवस घुश्श्यात होती. माझ्या एंटरच्या बटणाने तो राग सोसला. मला त्याचे काही वाटले नाही. तिची बोटे रागात असोत की आनंदात, त्यांना काहीतरी सांगायचे असे. माझ्या आवाजावरून तिचा नवराही आतून तिचा राग ओळखी. "आज कोणाची खैर नाही वाटतं," असे तो म्हणे.

मतदानाच्या दिवशी त्यांचे ठरलेले नाटक होई. "आपली दोन मतं एकमेकांना खाऊन टाकतात," तो म्हणे. "घरीच बसू या."

"तुम्ही बसा. मी जाऊन येते," ती म्हणे. तोवर त्याने चपला घातलेल्या असत.

ते माझे सुखाचे दिवस होते. ती मला उलटा धरून हलक्या हाताने थापटी, खाली पडलेले बिस्किटाचे कण बघून "हे तुमचे" म्हणे, आणि तो "सरकारी कण आहेत" म्हणे.

शेवटच्या शुक्रवारी तिने जो लेख लिहिला, तो अशाच एका सापडलेल्या गोष्टीवर होता. गेलेल्या माणसाचे लिहिणे-बोलणे यंत्राला वाचायला दिले की ते यंत्र त्या माणसासारखे बोलू लागते, आणि कोणी एक गृहस्थ आपल्या वारलेल्या भावाशी अशा रोज गप्पा मारतो, असे तिच्या वाचनात आले होते. तिला ते आवडले नव्हते. तिने लिहिले, "मी गेल्यावर मला यंत्रात भरू नका. मी काय म्हणाले असते हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी ते मनात म्हणावं. ज्यांना माहीत नाही, त्यांना यंत्र काय सांगणार?"

तिने लेख वाचून दाखवला. तो गळक्या नळाशी झटापट करत होता.

"यावर आमचं मत वेगळं आहे," तो म्हणाला.

"सांगा, लिहून घेते." तिने 'विरोधी पक्ष म्हणतात' असे लिहिले, पुढे दोन टिंबे दिली आणि बोटे माझ्यावर टेकवून ती थांबली.

"आधी नळाचं वॉशर आणतो. दुकान दुपारी बंद होतं. आल्यावर सविस्तर विरोध करतो."

"या. सरकार वाट बघतंय."

तो गेला. तिची बोटे बराच वेळ माझ्यावर तशीच होती. मग ती जड झाली. मग उचलली गेली. खुर्ची सरकल्याचा आणि शेजारच्या बाईंना मारलेल्या हाकेचा आवाज मी ऐकला. तो वॉशर घेऊन परतला, तेव्हा दार उघडे होते आणि तिला दवाखान्यात नेले होते. ती बोटे परत आली नाहीत.

त्याने माझ्यावर एक कापड टाकले. वॉशर त्याने नळावरच्या फळीवर ठेवून दिले. नळ गळत राहिला. मी कापडाखाली तो टपटप आवाज ऐके आणि मला वाटे, कोणीतरी दूर, अगदी सावकाश, टाइप करत आहे. शुक्रवारी तो भाजी चिरायला बसे. सुरी मधेच थांबे. तो कान देई. मग सुरी पुन्हा चालू होई. मित्रांनो, तो माझीच वाट बघत होता आणि मी तिची.

काही आठवड्यांनी त्यांची मुलगी राहायला आली. आई गेल्याचे वाचकांना तिनेच कळवले होते. त्यांचे निरोप ती वडिलांना वाचून दाखवू लागली. दातांच्या डॉक्टरांनी लिहिले होते, "विरोधी पक्षाने गप्प बसू नये."

"बाबा, मला एक सुचलंय," मुलगी म्हणाली. "आईचे सगळे लेख आहेत आपल्याकडे. ते मशीनला दिले तर ते तिच्यासारखं लिहील. ब्लॉग बंद पडणार नाही."

"तुझ्या आईला ते नको होतं. तिने तसं लिहून ठेवलंय."

"आणि तुम्हाला?"

त्याने कापडाखालच्या माझ्याकडे पाहिले. "मी विरोधी पक्ष. मला हवं होतं."

मुलीने माझ्यावरचे कापड काढले. थोडे काम मी केले आणि मग मला कोणी हात न लावताच पडद्यावर अक्षरे उमटू लागली. एकही बटण खाली गेले नाही. घरात आवाज नव्हता. तरी शब्द येत होते, फुटपाथ खोदण्यावरचे, अगदी तिच्या वळणाचे. मला थंडी वाजते की नाही मला ठाऊक नाही, पण तेव्हा वाजली असे म्हणू या.

तो मात्र खुर्ची ओढून पुढे सरकला. त्याने चष्मा पुसला. "अगदी तिच्यासारखं गं."

"तुम्ही बोला ना तिच्याशी. मी टाइप करते."

त्याने घसा साफ केला. "तिला सांग, निवडणूक आलीय. यंदाही मी माझ्याच पक्षाला मत देणार."

उत्तर लगेच आले. "तुमचा निर्णय अगदी योग्य आहे. प्रत्येकाने आपल्या विचारांनुसार मत द्यावं. तुमच्या मताचा मला आदर आहे."

तो पडद्याकडे बघत राहिला. "परत विचार."

पुन्हा आदर आला, आधीपेक्षा जास्त.

"बंद कर, बाळ."

"बाबा, त्याला भांडायला सांगता येतं. तसं सांगितलं की भांडतं ते."

"सांगून भांडणारी तुझी आई नव्हती. ती म्हणाली असती, 'द्या की. मी येतेच मागोमाग, खोडायला.'" त्याने चष्मा काढून ठेवला. "आता माझं मत खोडायला कोणी नाही गं."

मुलगी रडू लागली. "मलाही तिचं काहीतरी हवं होतं, बाबा."

"मग तिने लिहिलेलं वाच. मोठ्याने वाच. मी आत बसतो."

ती वाचत राहिली आणि तो आत बसून जुन्याच लेखांना नवे आक्षेप घेत राहिला. एकदा तर ती हसली. मग आतून पाना फिरवल्याचा आवाज आला, नळ थोडा ओरडला आणि टपटप थांबली.

तो बाहेर आला आणि माझ्यासमोर बसला. तिचा शेवटचा लेख त्याने उघडायला लावला. खाली ती ओळ तशीच होती, दोन टिंबे आणि पुढे कोरी जागा.

"सांगा, मी लिहिते," मुलगी म्हणाली.

"नको. हे मलाच लिहायला हवं."

त्याने आयुष्यात कधी टाइप केले नव्हते. शिवाय माझी अक्षरे पुसलेली. "तिने एवढी वापरलीत की कोण कुठे राहतं ते कळत नाही," तो पुटपुटला. मुलगी जागा सांगे, तो एक जाडजूड बोट आणून ठेवी, चुके, खोडी, पुन्हा दाबी. बस चालवलेले ते बोट होते. ते तिच्या बोटांनी पाडलेल्या खळग्यांत एकेक करून उतरत गेले. माझा आवाज पुन्हा घरात झाला, फार सावकाश, पण झाला.

त्याने लिहिले, "करून पाहिलं. सरकारचं बरोबर होतं. नळ आता गळत नाही."

लेख लोकांपर्यंत गेला. डॉक्टरांनी कळवले की या वेळी त्यांनी तो वरून खाली वाचला.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. एक बटण अडकते, दुसरे दोनदा उमटते. मुलगी आवाज न करणारा नवा कीबोर्ड आणते म्हणाली होती, पण तो म्हणाला, "वाजू दे. घरात कोणीतरी बोलायला हवं." दर शुक्रवारी तो मला पुसतो, उलटा करून थापटतो आणि एका बोटाने तिच्याशी भांडतो.

माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. वस्तू पुसून ठेवा, त्या तुमच्या माणसांच्या बोटांनी झिजलेल्या असतात. आणि समोरचे माणूस बोटे टेकवून तुमच्या उत्तराची वाट बघत असेल, तर आधी उत्तर द्या. वॉशर नंतर आणले तरी चालते.