टिटवीच्या डाव्या पंखाखालचा डाग

शनिवारी सकाळी मिस्त्री एका बिल्डरच्या नमुना-इमारतीला झाडं चिकटवत बसला होता. काडेपेटीएवढ्या गच्च्या, मुंगीएवढ्या मोटारी. ज्या हातांनी एके काळी अख्खं आकाश उभं केलं, ते हात आता न बांधलेल्या फ्लॅटांच्या बाल्कनीत कुंड्या ठेवत होते. बायको मोबाइल पुढे धरून आली.

"अहो, बघा. तुमची टिटवी."

"बघितलीय. तुझ्या आधी बघितलीय."

"यात कुणीतरी लाल गोल काढलाय."

मिस्त्रीने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. दोन फोटो शेजारी शेजारी होते. डावीकडे तिसऱ्या भागातली टिटवी, आणि तिच्या डाव्या पंखाखाली नखाएवढा, फोड आल्यासारखा तपकिरी डाग. उजवीकडे चौथ्या भागातली टिटवी, फुटायच्या एक क्षण आधीची. पंख स्वच्छ. खाली लिहिलं होतं, 'फुटली ती टिटवी नव्हतीच! टिटवी जिवंत आहे! पाचवा भाग झालाच पाहिजे!'

मिस्त्रीच्या हातातलं झाड तिसऱ्या मजल्यावर पडलं आणि तिथेच आडवं चिकटलं.

टिटवी म्हणजे पडद्यावरचं अंतराळयान. चार सिनेमे तिने एकटीने ओढले. माणसं बदलली, टिटवी तीच. टिटवीदेखील समुद्र आटवते, ही दिग्दर्शक मास्तरांची लाडकी म्हण, म्हणून हे नाव. हातभर लांबीचं भंगार आणि निघालंय आकाश ओलांडायला! मिस्त्रीने तिला दाढीच्या मशिनचं कवच, कंगव्याचे दात, संपलेल्या रिफिली आणि बायकोच्या जुन्या चष्म्याची काच यांतून घडवली होती. पहिला भाग बघून ज्यांनी बापाच्या मांडीवर टाळ्या पिटल्या, ते आता स्वतः बाप झाले होते.

चौथ्या भागाच्या वेळी मास्तर म्हणाले होते, "मिस्त्री, हा शेवट. आपण मेल्यावर हे लोक तिला कोंबडीसारखी अंड्यांवर बसवतील. म्हणून खरीच फोडायची. नक्कल नको. शब्द दे."

मिस्त्रीने शब्द दिला. मास्तरांनी सिनेमा कंपनीच्या थोरल्या मालकांकडून तसं लिहूनही घेतलं. टिटवीच्या पोटात मास्तरांची सही आहे, सही असलेली ती टिटवी कॅमेऱ्यासमोर फुटली की मालिका संपली, पुढे कुणी तिच्या नावाने काही काढायचं नाही. एक कागद, दोन सह्या. कंपनीत असला कागद ना आधी कुणी केला होता, ना नंतर.

आणि मिस्त्रीने रातोरात नव्हे, चांगले बावीस दिवस भरदिवसा राबून दुसरी टिटवी केली. तेच साचे, तेच कंगवे. फोटो समोर ठेवून एकेक ओरखडा उतरवला. पण फोटो पहिल्या भागाच्या वेळचे, त्यांत तो एक डाग नव्हता. दुसऱ्या भागात दिवा जास्त जवळ आला, रंग फुगला, मास्तर म्हणाले, राहू दे, प्रवासात भाजली म्हणू. त्यानंतर तो डाग मिस्त्रीने इतक्या वेळा पाहिला की दिसायचाच बंद झाला. बायकोच्या हनुवटीवर तीळ आहे की नाही, असं अचानक विचारलं तर किती नवरे छातीठोक सांगतील?

नक्कल फुटली. मास्तर कॅमेऱ्यामागे ढसाढसा रडले. मिस्त्रीही रडला, आणि ते रडणं सगळ्यांना खरं वाटलं. खरी टिटवी त्याच्या घरात, पलंगाखालच्या पेटीत, गोधडीत गुंडाळून होती.

दुपारी धाकटे मालक स्वतः घरी आले. थोरले गेल्यापासून कंपनी यांच्याकडे. माणूस हसरा, अशा हसऱ्या माणसांनी जगाचं जितकं वाटोळं केलंय तितकं रडक्यांनी नाही केलं.

"मिस्त्रीकाका! तुमचे पाय धरायला पाहिजेत."

"माझे गुडघे दुखतात. लांबूनच बोला."

"खरी टिटवी तुमच्याकडे आहे ना?"

"नाही."

"काका, तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

मिस्त्रीला हसू आलं. खोटंच तर त्याला नीट जमलं होतं. एका डागाने घात केला.

"समजा असली," तो म्हणाला, "तरी काय करणार? गोष्ट संपली. म्हातारा कॅप्टन घरी पोचत नाही, यान फुटतं, दिवे लागतात. आता पुढे काय, त्याचा पुतण्या आणणार?"

मालकांनी नजर छताकडे नेली.

"पुतण्याच आणणार!" मिस्त्री कपाळावर हात मारून म्हणाला.

"पुतणी. अहो, लोकांना हवंय. लाखो लोक मागतायत."

"माझी आजी मरताना लोकांना ती पण हवी होती. म्हणून काय तिला पाटावर बसवून ठेवायचं?"

"लोक रडतायत काका, खरोखर रडतायत. त्यांचं बालपण आहे ते."

"मग रडू द्या. बालपण संपलं की रडायचंच असतं. तुम्ही त्याला दरवर्षी नवा सदरा शिवून घालताय."

बायको चहा घेऊन आली. मालकांनी कप घेताना सहज विचारलं, "काकू, टिटवी कुठे ठेवलीय?" आणि बिचारीची नजर पलंगाकडे गेली. एवढंच. मालकांनी चहा पूर्ण प्यायला, चांगला झालाय म्हणाले.

"सोमवारी वकील येतील. फक्त बघतील. सही असलेली टिटवी शाबूत निघाली की मास्तरांच्या त्या कागदाची गच्छंती. नाही निघाली, तर आमचं नशीब." दारातून ते वळले. "माल कंपनीचा आहे काका. पण मी चोरी म्हणणार नाही. प्रेम म्हणेन. मुलाखतीत तसंच सांगू."

ते गेल्यावर बायको पदर तोंडाला लावून उभी राहिली. "माझी नजर मेली..."

"तुझी नजर राहू दे. हातोडी कुठंय?"

टिटवी टेबलावर आली. दोन वर्षांनी उन्हात. मिस्त्रीने हातोडी उचलली. एक घाव, आणि दिलेला शब्द पुरा, पुरावा संपला, पुतणी आकाशात जायच्या आधीच मेली. त्याने हात वर नेला. समोर बायकोच्या चष्म्याची काच होती. त्यातून ती त्याला पाहायची तेव्हा दोघं तिशीत होते. हात वरच राहिला, मग दुखायला लागला, मग खाली आला.

"मास्तरांकडे नेतो," तो म्हणाला. "त्यांनी 'फोड' म्हटलं की हात आपोआप पडेल. त्यांच्या शब्दाला माझा हात कधी नाही म्हणाला नाही."

"दोन वर्षं तोंड दाखवलं नाहीत त्यांना. झटका आला तेव्हाही गेला नाहीत."

"कुठल्या तोंडाने जाणार होतो?"

रविवारी सकाळी तो खोकं काखेत मारून मास्तरांच्या दारात उभा राहिला. मास्तरांच्या मुलीने दार उघडलं. तिला सगळे ताईच म्हणायचे, तिच्याहून मोठेसुद्धा.

"आलात एकदाचे," ती म्हणाली. "काल येऊन गेला की तुमचा मालक."

"इथे?"

"मी ऑफिसात होते. बाबांजवळ बसणाऱ्या बाईंना वाटलं, जुनी माणसं भेटायला आली. कॅमेरा आणला होता. बाबांना उशीला टेकवून बसवलं, केस विंचरले आणि विचारलं, मास्तर, टिटवीने पुन्हा उडावं असं तुम्हाला वाटतं का?"

"मग?"

"मग काय! ते 'हो' म्हणाले."

मिस्त्री सुटल्यासारखा भिंतीला टेकला. मास्तरच हो म्हणाले? मग आपलं पाप ते काय राहिलं?

ताईने त्याचा चेहरा पाहिला आणि ती चिडली. "काका, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? झटक्यानंतर बाबांकडे तेवढा एकच शब्द उरलाय. जेवलात का? हो. दुखतंय का? हो. मी तुमची मुलगी ना? हो. परवा मी चिडून विचारलं, मी मेले तर चालेल का? हो म्हणाले, आणि मग दोघं रडत बसलो. त्या मालकाला हे माहीत होतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं त्याला."

आत मास्तर खिडकीशी खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. डोळे मात्र तेच, शंभर माणसांना एका जागी उभे करणारे.

मिस्त्रीने खोकं उघडून टिटवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि जमिनीवर बसला.

"मास्तर, मी फसवलं तुम्हाला. फुटली ती नक्कल होती."

मास्तरांचा डावा हात हळूहळू सरकला. पंखाच्या कडेने खाली गेला, नेमका गेला. बोट डागावर थांबलं, आणि त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले.

त्या एका अक्षरात राग होता की ती जिवंत सापडल्याचा आनंद, मिस्त्रीला कळेना. हा माणूस भुवई उडवायचा आणि मिस्त्रीला कळायचं, चंद्र थोडा डावीकडे हवाय. आज कान फाटेस्तोवर ऐकूनही काही कळत नव्हतं.

"फोडू का मास्तर? हातोडी आणलीय."

"हो."

मिस्त्रीने पिशवीत हात घातला. मग कुणी मानगूट धरल्यासारखं त्याने विचारलं, "का ठेवू?"

"हो."

"ठेवू म्हणजे, उडू दे म्हणता? की संपवू?"

"हो," मास्तर म्हणाले. "हो, हो." डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ताईने टॉवेल आणला.

मास्तरांचा हात टिटवीवरून उचलला जात नव्हता. तो तिला वाचवायला होता की फक्त उचलता येत नव्हता म्हणून, हे कुणी सांगावं? मिस्त्री हातोडी घेऊन अर्धा तास बसला. शेवटी ताईनेच बापाची बोटं एकेक करून सोडवली.

"काका," ती दारात म्हणाली, "तुम्हीच ठरवा ना. तुम्ही तिला केलंत."

"केलं म्हणूनच तर."

सोमवारी वकील आले, सोबत धाकटे मालक आणि दोन हमाल. पेटी पलंगाखालीच होती. वकिलांनी विजेरी मारून पोटातली सही पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या. "सही कुणीही करेल. हीच ती कशावरून?"

बायकोने मिस्त्रीकडे पाहिलं. गप्प बसायचं होतं, एवढंच काम होतं. एवढंही पुरे झालं असतं.

"तिला कुणी दुसरी म्हणायचं नाही," मिस्त्री म्हणाला, आणि त्याने टिटवी उलटी करून डाग दाखवला.

मालकांनी त्याला मिठी मारली. हमालाने टिटवी खसकन उचलली.

"ए, पंखाला नको!" मिस्त्री धावला. "खालून धर. दोन्ही हातांनी. तिथे भाजलीय ती."