कापसाच्या खोलीतली पाहुणी

वलगावात भगवंतरावांकडे कुणी सल्ला विचारायला जात नसे, कारण ते खरं सांगत. प्रणालीला बघायला ते अकोल्याला, जुन्या शहरातल्या तिच्या घरी गेले होते, तेव्हा दोन्हीकडच्या माणसांसमोर ताटली खाली ठेवून त्यांनी जाहीर केलं होतं, "पोहे खारट झाले." मुलगी पसंत आहे, हे कळवायला मात्र मध्यस्थाला पाठवलं, तेही आठवडा गेल्यावर.

अशा सासऱ्यांकडे प्रणालीनं खोली मागितली, आणि तीही कापसाची. मागच्या अंगणाला लागून असलेली ही खोली कापूस घरात आला की छतापर्यंत भरायची आणि कापूस विकला गेला की उंदरांना मोकळी व्हायची. प्रणालीचं काम आवाजाचं होतं. जाहिराती, मुलांचे धडे, कंपन्यांची माहिती असं सगळं ती वाचायची, रेकॉर्ड करायची आणि पाठवून द्यायची. माहेरच्या गल्लीत शांतता कशी असते ते कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून तिथं तिनं कपड्यांच्या कपाटात डोकं घालून, वरून रजई ओढून कामं केली होती. सासरी निदान डोकं बाहेर काढून बोलावं, एवढीच तिची इच्छा होती.

"बोलाचे पैसे भेटते?" भगवंतरावांनी विचारलं होतं. "मंग तुही सासू आतापावतर लखपती व्हाले पायजे होती."

पार्वताबाई स्वयंपाकघरातच होत्या. त्या दिवशी भगवंतरावांना दुसरा चहा मिळाला नाही. खोली मात्र प्रणालीला मिळाली, एका अटीवर. कापूस आला की खोली परत.

तिचं काम बरं चाललं होतं, पण त्यात एक दुखणं होतं. रेकॉर्डिंग पाठवलं की उत्तर यायचं, थोडं हसरं हवं होतं. हसरं करून पाठवलं की, जरा जास्तच हसरं झालं. एका मिनिटाच्या मजकुरासाठी चार दिवस टोलवाटोलवी चालायची. अशात पुण्याची रागिणी भेटली. मुलांचे धडे आवाजात बसवणाऱ्या एका कंपनीसाठी ती रेकॉर्डिंग करवून घ्यायची. काम वर्षभराचं होतं, पण तिला फायलींची ये-जा नको होती. तू तिकडे वाच, मी इकडे ऐकते, चुकलं की तिथल्या तिथं सांगते, असं तिचं म्हणणं.

मोठे स्टुडिओ अशा कामासाठी जी सेवा वापरतात तिचं महिन्याचं भाडं ऐकून प्रणालीनं तो नाद सोडला. मग तिनं पदर खोचला. अमरावतीहून एक स्वस्तातला साउंडबॉक्स आणला. माइकचा आवाज तो लॅपटॉपमध्ये रेकॉर्डही करायचा आणि त्याच वेळी साध्या व्हिडिओ मीटिंगमधून पुण्याला पोचवायचा. रागिणीचं बोलणं प्रणालीच्या हेडफोनमध्ये यायचं. मीटिंगमधलं आवाज 'स्वच्छ' करणारं बटण तिनं बंद केलं, कारण ते पंख्याबरोबर शब्दांची शेपटंही कापत होतं. तारेचं इंटरनेट लाईटीबरोबर जातं म्हणून लॅपटॉप तिच्या फोनच्या नेटवर चालवला. फोनवरूनही ती मीटिंगमध्ये गुपचूप हजर राहायची, लॅपटॉप रुसला तर बोलणं ऐकू यावं म्हणून. सगळं जमलं. जमला नाही तो फक्त खोलीचा घुमारा. रिकाम्या खोलीत ती 'नमस्कार' म्हणाली की भिंती तिला उलट नमस्कार करायच्या.

रागिणीनं चाचणीचा दिवस ठरवला, आणि त्याच्या आदल्या दिवशी कापूस आला. वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा कधीच सुरू झाला होता, पण सूनबाईच्या डोक्यात तेव्हा तारा होत्या. दुपारी ती अमरावतीहून माइकच्या तारेची एक जोडपिन घेऊन परतली, तर खोलीच्या तिन्ही भिंती कापसानं बुजलेल्या. मधोमध तिचं टेबल, खुर्ची आणि दारापर्यंत एक पायवाट.

"मामाजी," ती भगवंतरावांना म्हणाली, "उद्या काम हाय ना माहं."

"म्हून तं टेबल ठेवला. उद्याचं उरकून घे, मंग काढजो."

नवरा किशोर नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातून आला तेव्हा तिनं त्याच्याजवळ रडून घेतलं. तो म्हणाला, अमरावतीत खोली भाड्यानं बघू. पण काम मिळायच्या आधी भाडं कुठून द्यायचं, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि तिलाही. उद्या पास होऊन दाखवायचं, पुढचं पुढं, असं म्हणून ती झोपली.

सकाळी खोलीत जाऊन तिनं सवयीनं टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथंच संपली. तिनं पुन्हा वाजवली. घुमारा पार नाहीसा झाला होता. महागातल्या स्टुडिओत असावी तशी शांतता त्या कापसात होती, आणि तिला इतका आनंद झाला की पार्वताबाईंना हाताला धरून आणून तिनं त्यांनाही टाळ्या वाजवायला लावल्या. पार्वताबाईंना त्यात काही कळलं नाही, पण त्यांनी मन लावून वाजवल्या.

घरात साठवलेल्या कापसाची खाज ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. चाचणी सुरू झाली तशी प्रणालीच्या मानेवर, कोपरावर, कानामागे खाज उठली. खाजवावं तर माइक एवढा तिखट कानाचा, की नखाचा आवाज पुण्याला जाणार. ती मुंग्यांच्या वारुळाचा धडा वाचत होती, आणि अंगावर मुंग्या चालत असल्यासारखं तिला खरोखरच वाटत होतं. दारात भगवंतराव पाण्याची बादली घेऊन बसले होते. कापसात विजेची वायर म्हणजे आग, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

"पुन्हा एकदा," रागिणी म्हणायची. "मुंगीचं कौतुक वाटू दे."

"हो ताई," म्हणून प्रणाली पुन्हा वाचायची.

असं बराच वेळ चाललं. शेवटी रागिणी खुशीत म्हणाली, "छान. आणि खोलीचा आवाज किती सुरेख आहे. पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत मला असाच लागेल. ही खोली वर्षभर आहे ना तुझ्याकडे?"

प्रणालीनं तोंड उघडलं आणि लाईट गेली. लाईट गेल्यावर बरं वाटण्याची तिची ही पहिलीच वेळ. "ताई, दोन मिनिटं, इन्व्हर्टर सुरू करून येते," असं म्हणत हेडफोन टेबलावर टाकून, फोन घेऊन ती पळाली. इन्व्हर्टरची घरघर माइकमध्ये येते म्हणून तिनंच तो बंद ठेवला होता, आणि लॅपटॉपची बॅटरी म्हातारी होती, फार वेळ तग धरणारी नव्हती. मागच्या ओसरीत येऊन बघते तर इन्व्हर्टरसमोर कापसाची गाठोडी रचलेली. इअरफोन घालून तिनं फोनवरची मीटिंग कानात लावली, पदर बांधला आणि गाठोडी ओढायला लागली. तेवढ्यात कानात खाकरण्याचा आवाज आला. ते खाकरणं घरातल्या प्रत्येकाला ओळखू येत होतं.

"हॅलो? प्रणाली?" रागिणी म्हणाली.

"थे बाहीर गेली. मी भगवंतराव, तिचा सासरा. पाहुण्याले एकट्याले बसवू नाई, म्हून आलो."

"अहो काका, मी पुण्यात आहे. एकटी बसले तरी चालेल."

"पुण्यात असा नाई तं दिल्लीत असा. घरात बोलून राहिल्या म्हंजे पाहुण्याच तुमी. चहा झाला काय?"

"झाला की. तुमचा?"

"आमचा कायचा होते? भांडं वाजवाचं नाई म्हने. सकायपासून घर उपाशी हाय."

रागिणी हसली. ओसरीत प्रणालीनं कपाळाला हात लावला आणि दुसरं गाठोडं ओढलं.

"काका, स्टुडिओ मात्र छान केलाय हं तुम्ही."

"स्टुडिओ नाई, कापसाची खोली हाय थे. चवभोवती कापूस, मधात आमची सून."

धरणीनं पोटात घ्यावं असं प्रणालीला झालं. रागिणी हुशार बाई होती, तिच्या सगळं लक्षात आलं.

"म्हणजे कापूस विकला की खोली बदलणार," ती सावकाश म्हणाली. "काका, काम वर्षाचं आहे. मध्येच खोली बदलली तर मला ते चालणार नाही. खरं सांगा, ही खोली तिची आहे का?"

भगवंतरावांना 'खरं सांगा' म्हणण्याची वेळ आजवर वलगावात कुणावर आली नव्हती. शेवटचं गाठोडं बाजूला झालं होतं. प्रणालीचा हात इन्व्हर्टरच्या बटणावर होता. बटण दाबून, आत धावत जाऊन तिला मध्येच बोलता आलं असतं. पण हात हलेना. माइक इतका चांगला होता की सासऱ्यांचा श्वाससुद्धा तिला ऐकू येत होता.

"कालपावतर नवती," भगवंतराव म्हणाले.

"आणि आज?"

"आज सकायपासून दारात बसून आयकून राहिलो मी. थो मुंगीचा धडा. तुमी म्हना, पुन्हा एकदा. थे म्हने, हो ताई. किती खेपा म्हनली, मोजल्या नाई, पण एका खेपीलेबी तोंड वाकडं नाई केलं. लगन होऊन आली तईपासून तिनं मले काई मांगतलं नाई. एक खोली मांगतली, थेबी मी अट घालून देल्ली." ते खाकरले. "खोली तिची हाय. लिहून घ्या पायजे तं."

"कधीपासून, काका?"

"आत्तापासून. तिले अजून माईत नाई."

प्रणाली गाठोड्यावर बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं, आणि दोन्ही थांबवायची तिला मुळीच घाई नव्हती.

"आणि कापूस?" रागिणीनं विचारलं.

"कापूस माहा हाय, थो मी विकीन. भिंतीपुरता ठेवतो, गाद्या भरून लावून देतो चहूकडून. पण तिले हे बोलू नका बरं. उगीच डोक्यावर बसते."

"नाही बोलत," रागिणी म्हणाली.

प्रणालीनं डोळे पुसले, पदर सोडून नीट केला, सासऱ्यांना बोलणं आवरायला पुरेल एवढा वेळ जाऊ दिला आणि मग बटण दाबलं. ती खोलीत आली तेव्हा भगवंतराव एका कानाशी हेडफोन धरून उभे होते. त्यांनी तो तिच्या हातात दिला.

"पाहुणीले असं टाकून जात असते काय? बस." आणि ते बादलीपाशी जाऊन, दाराकडे पाठ करून बसले.

प्रणालीनं हेडफोन चढवला. तो अजून त्यांच्या हातानं गरम होता.

"आलीस? चल, पहिल्या ओळीपासून घेऊ," रागिणी म्हणाली, जणू मधे काही झालंच नव्हतं.

प्रणालीनं कागद समोर धरला, श्वास घेतला आणि तोंड उघडलं, पण आवाज निघेना. एवढी वर्षं बोलण्यावर जगलेल्या बाईला एक अक्षर काढता येईना.

"काय गं, काय झालं?"

"घशात कापूस गेला, ताई," ती कशीबशी म्हणाली.

"पाणी पी," रागिणी म्हणाली. "मला घाई नाही."