सहीचं पान

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. नुसती जुनी नव्हे, पहिल्या आवृत्तीतली! राणी व्हिक्टोरियाच्या काळात मी छापखान्यातून बाहेर पडले, तेव्हा माझ्या अंगावर हिरवं कापड होतं आणि पानं कडेला एकमेकांना जोडलेली होती. वाचणाऱ्याने ती सुरीने सोडवत सोडवत वाचायचं, अशी तेव्हाची रीत.

माझ्यावर ती सुरी कधी चाललीच नाही. मला लिहिणाऱ्या गृहस्थांकडे एक स्वयंपाकीण होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण मालकांच्या सहीचं एक पुस्तक मलाही हवं, असा तिनं हट्टच धरला. मालक तेव्हा अंथरुणाला खिळलेले. थरथरत्या हातानं त्यांनी माझ्या पहिल्या कोऱ्या पानावर सही केली, तर शेवटचं अक्षर घसरत पार खाली गेलं आणि वर शाईचा थेंबही सांडला. बाईनं मला जन्मभर पेटीत जपलं. तिच्यानंतर मी किती हातांतून फिरले ते सांगत बसले, तर तुम्ही जांभया द्याल.

शेवटी मी दातांच्या एका डॉक्टरांकडे आले. माणूस भला, पण माझ्या लेखकापायी अगदी वेडा. त्या लेखकाच्या साऱ्या पहिल्या आवृत्त्या त्यांनी शोधून शोधून जमवल्या होत्या. सही मात्र एकट्या माझ्यावर. रविवारी हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून ते मला बाहेर काढायचे, सहीवरून भिंग फिरवायचे आणि पुन्हा कुलपात ठेवायचे. वाचलं कधीच नाही. पानं सोडवली की आमच्यासारख्यांचा मान उतरतो ना!

आणि माझ्यावरच्या सहीचा घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. कुणी हाताळेल, कुणी चारचौघांत मिरवेल, याची त्यांना धास्ती. त्यांची बायको होती तोवर त्या कपाटाला थट्टेनं सवत म्हणायची. लेक लहानपणी कपाटाजवळ गेली की ओरडा खायची. पुढे तिनं तिकडे जायचंच सोडलं.

मग डॉक्टरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि लेक माहेरी आली. ते दवाखान्यात असताना तिनं घर आवरायला काढलं. कोटाच्या खिशात कपाटाची किल्ली सापडली. धूळ पुसायला तिनं मला उचललं आणि माझी पाठ तिच्या हातात सुटून आली. बिचारी किती घाबरली! मग मला पोटाशी धरून उभी राहिली. बाबांचा सगळा जीव या पुस्तकांत. ते घरी येईपर्यंत एवढं एक तरी धड करून द्यावं, असं तिच्या मनानं घेतलं.

ती मला बाइंडरकडे घेऊन गेली. त्यानं मला उलटंसुलटं पाहिलं. पहिल्या पानाशी तो थांबला.

"हे ठेवायचं का? शाई सांडलीय यावर. कुणीतरी रेघोट्याही मारल्यात."

"काढून टाका," लेक म्हणाली. "बाबांना डाग मुळीच खपत नाहीत."

मित्रांनो, माझ्या पोटात लाखभर शब्द आहेत. त्यातला 'थांब' एवढा एक मला त्या वेळी बोलता आला नाही. पान फाटलं. हिरवं कापड टोपलीत गेलं. यंत्राचं पातं खाली आलं आणि माझ्या कडा सपाट झाल्या. बाइंडरनं काम मन लावून केलं, त्याला कसा दोष देऊ?

डॉक्टर घरी आले. नव्या चष्म्यातून त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. लेकीनं मला त्यांच्या हातात ठेवलं. लाल पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. त्यांनी मला उघडलं. पुढे पांढरंशुभ्र नवं पान होतं. त्यावरून त्यांचा अंगठा फिरला, मग सरळ कापलेल्या कडेवरून फिरला. तो थरथरत होता. मला तेव्हा ते अंथरुणावरचे गृहस्थ आठवले.

"आवडलं ना, बाबा?"

त्यांनी वर पाहिलं. लहानपणी ओरडा खाणारी ती पोर केवढ्या आशेनं समोर उभी होती.

"आवडलं," ते म्हणाले. "फार सुबक झालंय गं."

त्या पानाबद्दल ते आजवर तिला एक अक्षर बोललेले नाहीत. माझी पानं आता सगळी मोकळी आहेत, म्हणून रोज संध्याकाळी ती मला वाचून दाखवते आणि ते डोळे मिटून ऐकतात. पण वाचायला देण्याआधी त्यांचा अंगठा त्या कोऱ्या पानावरून एकदा फिरतोच. तिला वाटतं, बाबांना नवा कागद आवडलाय.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचं तरी असं एखादं कपाट असेल. त्यातलं काही नीटनेटकं करायचं मनात आलं, तर आधी त्या माणसाला विचारा. आणि कपाट तुमचंच असेल, तर आपल्या माणसांना जवळ बसवून आतलं सगळं दाखवून ठेवा. ते तुम्हीच सांगायला हवं. आम्हाला नाही हो सांगता येत.