एका पितळी पुंगळीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. रायफलच्या काडतुसातली गोळी उडून गेल्यावर मागे जी रिकामी नळी उरते ना, तीच मी. माझा गळा आता तडकला आहे, अंगावर काळे डाग आहेत. छत्रपती संभाजीनगरात, औरंगपुऱ्यातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर मी राहते. तुम्ही मला हातात घेतलंत तर म्हणाल, किती हलकी आहे! पण माझ्या मनावरचं ओझं हलकं नाही. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म दूर परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. पितळेच्या चकतीला यंत्रांनी दाबलं, ओढलं, तापवलं आणि तिची नळी केली. माझ्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी बसवली, पोटात दारू भरली, तोंडाशी गोळी दाबली. माझ्यासारख्या असंख्य बहिणी पट्ट्यावरून धडाधड पुढे सरकत होत्या. आम्हाला कोणी एकेकटीला पाहिलं नाही. पेटीत बसलो, बोटीतून आलो आणि एके दिवशी प्रेरणाच्या हातात पडलो.

प्रेरणा एका कारखान्यात नोकरी करते. यंत्राचे सुटे भाग मोजायचे आणि केसाएवढा जरी फरक असला तरी बाजूला काढायचे, हे तिचं काम. सुट्टीच्या दिवशी ती नेमबाजी करते. तिच्याकडे लांब पल्ल्याची रायफल आहे आणि तिचा परवानाही आहे. पहिल्याच दिवशी तिने आमची अर्धी पेटी मैदानावर झाडली. कागदावर गोल होता. माझ्या एका बहिणीची गोळी गोलाच्या वर लागली, दुसरीची खाली, तिसरीची कडेला. माझी जरा उजवीकडे गेली. वाईट म्हणावं असं कोणी नव्हतं, पण सारखंही कोणी नव्हतं. प्रेरणाने रिकाम्या पुंगळ्या वेचल्या आणि घरी आणल्या.

तिचे वडील पुंडलिक एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले, "काडतूस तर चांगलं दिसतंय की. काय वाईट हाय त्याच्यात?"

"वाईट नाही, बाबा. जवळून मारायचं तर पुष्कळ झालं. पण लांब गेल्यावर दारूतला चिमूटभर फरकसुद्धा हातभर होतो. त्यांना लाखो भरायची असतात. मला एक एक भरता येईल."

तिने त्याची रीतसर परवानगी काढली आणि खिडकीजवळच्या टेबलावर आमचं नवं आयुष्य सुरू झालं. आम्हाला घासून चकचकीत केलं. फुगलेलं अंग हातयंत्रात दाबून पुन्हा मापात आणलं. नवी टोपी बसवली. दारू इवल्याशा तराजूत तोलली, दाणा जास्त झाला तर चिमट्याने उचलला. गोळी बसवताना ती श्वास रोखून धरायची. कारखान्यात मी लाखांतली एक होते. इथे कोणीतरी मला उजेडात धरून गोल फिरवून पाहत होतं. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

मग मैदानावर गोळ्या एकमेकींच्या शेजारी लागू लागल्या. प्रेरणाला पदकं मिळाली. क्लबातले लोक कागद पाहायला जमायचे. ती हसून म्हणायची, "मी भरलेली गोळी सांगितलेल्या जागी जाते." हे वाक्य मलाही फार आवडायचं. आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

एका रविवारी देवगाव रंगारीहून सांडू नावाचे शेतकरी घरी आले. डोक्यावर टोपी, हातात अद्रकाची पिशवी. दाराशीच म्हणाले, "रामराम. प्रेरणाताईंचं घर हेच ना? रोही लई मातलेत आमच्याकडं. मका कणसात आली की कळपानं घुसतेत. खातेत थोडं, तुडवतेत जास्त. आमची कारभारीण लक्ष्मी रोज पहाटं बांधावर बसती. परवा एक अंगावर आला तिच्या, थोडक्यात वाचली."

रोही म्हणजे घोड्याएवढी नीलगाय. वन खात्याने त्या शिवारातले पिकाला लागलेले रोही मारायची परवानगी दिली होती. परवानगी असलेल्या नेमबाजांत प्रेरणाचं नाव होतं. तिने आजवर कागदाशिवाय कशावरही गोळी झाडली नव्हती.

सांडू गेल्यावर पुंडलिकांनी अद्रकाची पिशवी बाजूला सारली. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो होता, त्याखाली ते बसले होते. मग म्हणाले, "कागदाला भोक पडलं तर कागदाला दुखत नाय, प्रेरणा."

"माहीत आहे, बाबा. पण त्या बाईला काही झालं तर? आणि माझ्या गोळीने त्या जनावराला कळणारसुद्धा नाही. एका क्षणात संपेल."

"तुझं तू बघ," एवढंच ते म्हणाले.

त्या आठवड्यात तिने आम्हाला आणखी जपून भरलं. मोजक्याच पुंगळ्या निवडल्या. त्यात मी होते.

सूर्य कलल्यावर आम्ही सांडूंच्या बांधावर पोचलो. हिरवीगार मका, पलीकडे पडीक माळ, त्याच्या कडेला बाभळी. थोड्या वेळाने माळावर एक रोही दिसला. निळसर करडा नर, मान उंच करून उभा. फार लांब होता. सांडू हळूच म्हणाले, "एवढ्या लांबून बसंल का, ताई?"

"बसेल."

ती थांबू शकली असती. रोही थांबत थांबत मकेकडेच येत होता, थोड्या वेळात अर्ध्या अंतरावर आला असता. पण तिला थांबायचं नव्हतं. मला तरी कुठे थांबायचं होतं? आम्ही दोघी इतक्या दिवसांपासून लांबच्याच नेमासाठी तयार झालो होतो. तिने वारा पाहिला, श्वास सोडला आणि घोडा दाबला.

माझ्या पोटात आग झाली आणि गोळी सुटली. मित्रांनो, एवढ्या लांब जायला गोळीलाही वेळ लागतो. तेवढ्यात त्या रोह्याने एक पाऊल पुढे टाकलं. बाकी काही नाही, एक पाऊल. गोळी सांगितलेल्या जागी गेली. रोह्याची छाती आता तिथे नव्हती. त्याच्या पोटाचा मागचा भाग मात्र तिथे होता.

तो खाली बसल्यासारखा झाला, ओरडला आणि मागचा पाय ओढत बाभळींत शिरला.

"लागली! लागली, ताई!" सांडू उभे राहिले.

प्रेरणाने रायफलचा दांडा मागे ओढला. मी बाहेर पडले, तिने मला उचलून सदऱ्याच्या खिशात टाकलं. मी अजून गरम होते. माझ्या पलीकडे तिचं काळीज असं धडधडत होतं की मी हलत होते.

ते दोघं माळ ओलांडून गेले. दगडांवर रक्ताचे थेंब होते. पुढे ओढ्यात झुडपं दाट झाली, दिवस मावळला, थेंब दिसेनासे झाले. सांडू म्हणाले, "आता नगा जाऊ, ताई. जखमी जनावर अंगावर येतंय. उजाडल्यावर बघू."

त्यांचं खरं होतं. पण प्रेरणा झुडपांकडे पाहत तशीच उभी राहिली. शेवटी सांडूंनी तिचा दंड धरून तिला आपल्या घरी आणलं.

लक्ष्मीबाईंनी भाकरी आणि पिठलं वाढलं. "खाय गं बाई. एका रोह्यापायी उपाशी राहती व्हय? आमची किती मका खाल्ली त्यानं!"

प्रेरणाने एक घास तोंडात घातला आणि ताट बाजूला सारलं. "मावशी, तो अजून जिवंत असेल."

लक्ष्मीबाईंनीही आपली भाकरी झाकून ठेवली.

तांबडं फुटताच ते निघाले. रोही फार लांब गेलाच नव्हता. ओढ्याच्या वळणावर, करंजाच्या झाडाखाली तो पडला होता. माणसं पाहून त्याने पुढचे दोन पाय रोवले आणि उठायचा प्रयत्न केला. मागचं अंग उठलं नाही. त्याच्या भोवतीची माती खुरांनी उकरली गेली होती. म्हणजे तो असा पुष्कळदा उठायला गेला होता. डोळे उघडे होते.

प्रेरणाने दुसरं काडतूस भरलं, जवळ गेली आणि त्याचा त्रास संपवला. मग तिथेच मातीत बसली.

थोड्या वेळाने वनरक्षक राजेंद्र मोटारसायकलवर आले. पंचनामा करायचा होता. त्यांनी विचारलं, "एकाच गोळीत पडला का?"

सांडू झटकन म्हणाले, "व्हय साहेब, एकाच!" त्यांना तिला वाचवायचं होतं. आता गप्प बसलं तर गोष्ट तिथेच मिटली असती.

"नाही," प्रेरणा म्हणाली. "दोन. पहिली काल दिवस मावळायच्या आधी मारली. मी फार लांबून मारली. जवळ येऊ द्यायला हवा होता."

राजेंद्रांनी मान वर केली. "मग रात्रभर हा..."

"हो. रात्रभर."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. सांडूंनी टोपी काढून हातात घेतली. निघताना त्यांनी कणसांची पिशवी पुढे केली, ती प्रेरणाने घेतली नाही. सांडूंना ते लागलं असावं, पण तिचा हातच पुढे झाला नाही.

घरी आल्यावर तिने मला खिशातून काढलं. उजेडात धरलं, भिंग लावून पाहिलं, मापलं. मला समजलं ती काय शोधत होती. माझ्यात कुठे खोट आहे का, ते. मित्रांनो, माझीच इच्छा होती की खोट सापडावी, पण ती नव्हती. पुढच्या रविवारी माझ्याबरोबर भरलेली आणि उरलेली सगळी काडतुसं तिने मैदानावर झाडली. सगळ्या गोळ्या एकाच नाण्याखाली झाकतील अशा लागल्या. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. "क्या बात है, मॅडम! फॅक्टरीवाले तुमच्यासमोर पाणी भरतील!"

प्रेरणा गाडीत जाऊन बसली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकून रडली. तिला एक तरी वाईट गोळी हवी होती. एकही मिळाली नाही.

त्या संध्याकाळी तिने वडिलांना सगळं सांगितलं. पुंडलिक म्हणाले, "मी तुला नको म्हणायला पायजे व्हतं. 'तुझं तू बघ' म्हणलो आन् हात झटकले. माझं बी चुकलं."

"तुमचं नाही, बाबा. मला कागदासारखा दिसला तो. म्हणून मारला."

तिने ठरवलं, पुन्हा शेतावर जायचं नाही. पण काही दिवसांनी सांडूंचा फोन आला. लक्ष्मीबाई रोह्याच्या भीतीने पळताना बांधावरून पडल्या होत्या, मनगट मोडलं होतं. प्रेरणाने फोन ठेवला. जाऊन एक अपराध झाला होता, आणि न जाऊन हा दुसरा.

ती गेली. मात्र हाताने भरलेली काडतुसं तिने कपाटात ठेवली आणि कारखान्याची साधी पेटी घेतली. मला तिने पुन्हा सदऱ्याच्या खिशात टाकलं होतं. सांडूंना म्हणाली, "ही काडतुसं जवळूनच बरोबर लागतात. लांब दिसलं तर मला मोह होईल, म्हणून तीच आणलीत. अगदी बांधाजवळ आला तरच मारीन."

त्या पहाटे कळप आला, पण लांबूनच मकेत शिरला. प्रेरणाने रायफल खाली ठेवली आणि बांधावरचा पत्र्याचा डबा उचलला. ती आणि सांडू ओरडत, डबे बडवत धावले. कळप पळाला, पण मकेच्या बऱ्याच ओळी आडव्या झाल्या. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून लक्ष्मीबाई बांधावर आल्या आणि चिडून म्हणाल्या, "डबेच बडवायचे व्हते तर बंदूक कशाला आणली? डबे आमच्या घरात बी हायेत!"

"मावशी, खात्री नव्हती."

"खात्रीनं आमचं पोट भरतंय का?"

दुसऱ्या दिवशी प्रेरणा पुन्हा येऊन बांधावर बसली, तिसऱ्या दिवशीही. शेवटी एक मोठा रोही बांधाला लागून आला, इतका जवळ की त्याचं फुरफुरणं ऐकू आलं. तो मान खाली घालून स्थिर झाला. साध्या काडतुसाचा एकच बार झाला आणि तो जागीच पडला. पाय झाडायलाही त्याला वेळ मिळाला नाही. सांडू आनंदाने ओरडले नाहीत. लक्ष्मीबाईंनी पदराने तोंड पुसलं. प्रेरणा त्याच्याजवळ गेली आणि त्याचं अंग थंड होईपर्यंत, नंतरही, उभी राहिली.

आता ती काडतुसं भरते ती फक्त कागदासाठी. नंतर कागदासाठी मला हातयंत्रात दाबताना माझा गळा तडकला, त्यामुळे मला पुन्हा भरता येत नाही. तिने मला भंगारातही टाकलं नाही. मी टेबलावर असते, आणि हात माझ्याकडे आला की ती एकदा थांबते.

मित्रांनो, मला घासलं, तोललं, निरखलं, इतकी काळजी माझ्या वाट्याला आली. त्यातली थोडी तरी त्या रोह्याच्या वाट्याला यायला हवी होती. तुमच्या हातात चांगली वस्तू आली, चांगली कला आली, तर तिला जपा. पण ती जिथे जाऊन लागणार आहे, तिथे कोण उभं आहे तेही पाहा. आणि तुमच्या हातून कोणाला लागलंच, तर दुसऱ्याने "एकच गोळी" म्हटलं तरी तुम्ही दोन म्हणा. त्याने दुखणं कमी होत नाही. पण त्या ओढ्यात रात्रभर जे झालं, ते कोणाला नाकारता येत नाही, एवढं तरी होतं.